१२५ वर येऊन थांबणारे आकडे: दंडघेर तपासणीच्या नोंदी सुधारण्याचं एक प्रकरण

महिन्याच्या अहवालात खोट काढायला जागा नव्हती. २४ आरोग्य कार्यकर्त्या, ३ पर्यवेक्षिका, यादीत ६ ते ५९ महिन्यांची १,४४० मुलं, त्यांपैकी १,३८० मुलांचा दंडघेर मोजलेला. दंडघेर म्हणजे दंडाच्या मध्याचा घेर. लाल, पिवळा, हिरवा असे पट्टे छापलेल्या मापपट्टीने तो मोजून कुपोषित मुलं ओळखतात. रकाने भरलेले, बेरजा जुळलेल्या, अहवाल वेळेत पोहोचलेला. लाल गटात, म्हणजे ११५ मिलिमीटरच्या खाली, तीव्र कुपोषित, ५ मुलं. पिवळ्या गटात, म्हणजे ११५ ते १२४ मिलिमीटर, मध्यम कुपोषित, ५२ मुलं. बाकीची सगळी हिरवी.

शंका आली ती दुसऱ्या टोकाकडून. उपचार केंद्रात दाखल होणाऱ्या तीव्र कुपोषित मुलांची मागची नोंद काढली, तर त्यांतली बरीच महिन्यापूर्वी हिरवी होती. एखादं मूल आजारपणात महिन्याभरात इतकं खाली येऊ शकतं. एकामागून एक मुलं येत असतील, तर घसरण मुलांची नसून नोंदीची आहे असं समजून शोध सुरू करावा लागतो.

हे प्रकरण कोणत्याही एका गावाचं किंवा संस्थेचं नाही. पद्धत नीट समजावी म्हणून ते उभं केलं आहे आणि पथकाचे आकडे उदाहरणादाखल घेतले आहेत. चुका मात्र कामात जशा होतात तशाच आहेत, आणि मोजणीचे निकष व तपासणीचे नियम प्रत्यक्षात वापरले जातात तेच आहेत.

आधी कागदावर: आकड्यांचा आकार

बाहेर पडण्याआधी अर्धा दिवस नोंदवह्यांवर घालवला. पहिलं काम म्हणजे प्रत्येक मोजमापाचा एकक स्थानचा अंक मोजणं. मिलिमीटरमध्ये नीट वाचलेल्या मोजमापांत ० ते ९ हे दहाही अंक साधारण सारखेच यायला हवेत. १,३८० मोजमापांत प्रत्येक अंक सुमारे १३८ वेळा. प्रत्यक्षात शेवटी ० असलेली मोजमापं ३७२ आणि शेवटी ५ असलेली २९०. दोन्ही मिळून ६६२, म्हणजे ४८ टक्के. अपेक्षा २० टक्क्यांची.

बरेच जण इथे म्हणतात की दोन-तीन मिलिमीटर इकडे किंवा तिकडे, काय फरक पडतो? चुका दोन्ही बाजूंना होतील आणि एकमेकींना खाऊन टाकतील. दंडघेराच्या बाबतीत तसं होत नाही, कारण सीमारेषाच ५ वर संपतात: ११५ आणि १२५. जवळच्या ५ च्या पटीत आकडा बसवला की १२३ आणि १२४ चे १२५ होतात, आणि १२५ म्हणजे हिरवा. ११३ आणि ११४ चे ११५ होतात, आणि ११५ म्हणजे पिवळा. उलट बाजूचे १२६ आणि १२७ ही १२५ च होतात, पण ते आधीही हिरवेच होते. म्हणजे ठोकळ आकडा लिहिण्याच्या या सवयीने मूल हातचं निसटू शकतं, जास्तीचं मूल मात्र कधीच यादीत येत नाही. चूक एकाच दिशेने साचत जाते. ही गोष्ट पर्यवेक्षिकांना कागदावर मांडून दाखवली, तेव्हा 'दोन मिलिमीटरचा कीस कशाला काढायचा' हा वाद तिथेच मिटला.

दुसरं काम सीमारेषेभोवतीचा उतार पाहणं. मुलांचे दंडघेर मधल्या आकड्यांभोवती दाट असतात आणि खाली जाताना हळूहळू विरळ होतात. १२५ ते १२९ या टप्प्यापेक्षा १२० ते १२४ मध्ये मुलं कमी असणार, हे धरूनच चालायचं. पण तिथे उतार असतो, कडा तुटलेला नसतो. या महिन्यात काय होतं ते एकेका मिलिमीटरने वाचू: १२० वर १७ मुलं, १२१ वर ६, १२२ वर ५, १२३ वर ३, १२४ वर २. लगेच पुढे १२५ वर ७४, मग १२६ वर २३, १२७ वर २१, १२८ वर १९, १२९ वर १४. एका बाजूला ३३, दुसऱ्या बाजूला १५१. पाचपटीच्या जवळ जाणारा हा फरक नुसत्या ठोकळ आकड्यांच्या सवयीने होत नाही. १२४ वर २ आणि १२५ वर ७४ म्हणजे सीमेवरच्या काही मुलांना कळत-नकळत पलीकडे ढकललं जातंय.

हेच काम कार्यकर्तीनिहाय करता येतं, पण तिथे घाई करू नये. एकीच्या साठेक मोजमापांत ० आणि ५ मिळून १२ वेळा येणं अपेक्षित आहे. निव्वळ योगायोगाने ते ६ ते १८ च्या दरम्यान फिरू शकतं. म्हणून १८ च्या वर गेलं तरच तिच्याकडे आधी जायचं, असा नियम ठेवला. २४ पैकी १७ जणी १८ च्या वर होत्या. इतक्या जणी एकाच वेळी चुकत असतील, तर दोष व्यक्तींमध्ये शोधण्यात अर्थ नाही. पट्टी, वही, शिकवण्याची रीत, किंवा आकडा लिहिल्यानंतर काय होतं, यांतच कुठेतरी तो आहे.

तिसरं काम मागच्या महिन्याशी तुलना. तेच मूल त्याच माणसाने लागोपाठ दोनदा मोजलं, तरी एक-दोन मिलिमीटरचा फरक पडतोच. महिन्यानंतर तर पडणारच. चार वह्यांमध्ये निम्म्याहून जास्त मुलांचा आकडा मागच्या महिन्याचाच होता, मिलिमीटरला मिलिमीटर. या वह्यांतल्या नोंदी एकाच शाईत, एकाच तिरक्या वळणात, महिन्याच्या शेवटच्या दोन तारखांना लिहिलेल्या होत्या. एकाही नोंदीत खाडाखोड नाही. अंगणात बसून, रडणाऱ्या मुलाचा हात धरून लिहिलेली वही इतकी स्वच्छ राहत नाही. स्वच्छ वहीची वाहवा करणाऱ्या पर्यवेक्षणाने ही सवय लावलेली असते, हे लक्षात ठेवायला हवं.

मग घरोघरी: १९ मुलांचा नमुना

कागद शंका दाखवतो, पुरावा मुलाच्या दंडावर असतो. फेरमोजणीसाठी ढीगनमुना पद्धत घेतली. ती मुळात कारखान्यातली. १९२० च्या दशकात बेल प्रयोगशाळांमध्ये हॅरोल्ड डॉज आणि हॅरी रोमिग यांनी मालाचा ढीग घ्यायचा की परत पाठवायचा, हे थोड्या नगांवरून ठरवण्यासाठी ती बसवली. १९८० च्या दशकापासून ती आरोग्याच्या कामात वापरली जाते. इथे ढीग म्हणजे एका पर्यवेक्षिकेच्या भागातल्या ४८० मुलांच्या नोंदी.

प्रत्येक भागातून १९ नोंदी घ्यायच्या. ८० टक्के नोंदी बरोबर असाव्यात असं लक्ष्य असेल, तर १९ पैकी किमान १३ जुळल्या पाहिजेत. १३ हा आकडा हवेतून आलेला नाही. ज्या भागात खरोखर ८० टक्के नोंदी बरोबर आहेत त्याला चुकून नापास करण्याची, आणि ज्या भागात फक्त ५० टक्के बरोबर आहेत त्याला चुकून पास करण्याची, अशा दोन्ही शक्यता या नियमात १० टक्क्यांच्या आत राहतात. ५० ते ८० च्या मधल्या भागाबद्दल मात्र नियम ठामपणे काही सांगत नाही, आणि त्यावरून एकट्या कार्यकर्तीचा निकाल तर अजिबात लावता येत नाही. तिच्या वाट्याला नमुन्यातली दोन-तीनच मुलं येतात.

निवड अशी केली. ४८० भागिले १९, म्हणजे सुमारे २५. १ ते २५ मधली एक चिठ्ठी उचलायची. ती ११ निघाली, तर यादीतलं ११ वं, ३६ वं, ६१ वं मूल, असं १९ पर्यंत. मूल घरी नसेल तर दुसऱ्या वेळी पुन्हा जायचं. शेजारचं मूल घ्यायचं नाही. घरी न सापडणारी मुलंच बहुधा न मोजता लिहिलेली असतात, त्यांना वगळलं तर तपासणीचा जीवच जातो.

फेरमोजणी मूळ मोजणीनंतर तीन दिवसांच्या आत, आणि मोजणाऱ्याने वहीतला आकडा न पाहता. क्रम ठरलेला: आधी मोजायचं, आपल्या कागदावर लिहायचं, मगच वही उघडायची. वहीत १२६ दिसला की आपल्या पट्टीवरही १२६ दिसू लागतं. हे जाणत्या माणसाचंही होतं. 'जुळली' म्हणजे चार गोष्टी: मूल खरोखर आहे, वयाने ६ ते ५९ महिन्यांत बसतं, आकड्यातला फरक ३ मिलिमीटरपर्यंत आहे आणि रंग तोच आहे.

पहिल्या भागात १५ जुळल्या, दुसऱ्यात ९, तिसऱ्यात १२. म्हणजे दोन भाग अनुत्तीर्ण. न जुळलेल्या २१ नोंदींची कारणं प्रत्येक घरी उभ्याउभ्या लिहून घेतली, कारण संध्याकाळी आठवून लिहिलेलं कारण हे कारण नसतं, समजूत असते. ८ ठिकाणी ठोकळ आकडा. ५ ठिकाणी मागच्या महिन्याचा आकडा उतरवलेला. ४ मुलं त्या महिन्यात भेटलीच नव्हती. २ ठिकाणी बाही न सारता, तिच्यावरून मोजलेलं. आणि २ ठिकाणी मोजणी व्यवस्थित, पण पट्टीच चुकीची.

पट्टी आणि हात

सगळ्या २४ पट्ट्या एका टेबलावर मागवल्या. तपासायला महागडं काही लागत नाही. बाहेरून ४० मिलिमीटर व्यासाचा कडक नळीचा तुकडा घ्यायचा. त्याचा घेर १२५.७ मिलिमीटर असतो. पट्टी त्याभोवती गुंडाळली की १२५ ते १२७ च्या दरम्यान वाचन यायला हवं. पट्टीच्या जाडीमुळे एखादा मिलिमीटर वाढतो, तो धरून. या कसोटीला ३ पट्ट्या उतरल्या नाहीत. त्या ओढून ओढून ताणल्या होत्या. ताणलेल्या पट्टीवरच्या खुणांमधलं अंतर वाढतं, म्हणून ती खऱ्यापेक्षा कमी दाखवते. आणखी दोन पट्ट्या जुन्या निघाल्या. त्यांचा लाल पट्टा ११० वर संपत होता. तीव्र कुपोषणाची सीमा जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी २००९ मध्ये ११० वरून ११५ मिलिमीटरवर आणली, पण पिशवीतली जुनी पट्टी कोणी काढून घेतली नव्हती. त्या दोघी जणी नुसता रंग पाहून अगदी प्रामाणिकपणे पिवळा लिहीत होत्या.

पाचही पट्ट्या तिथेच कापून टाकल्या. बाजूला ठेवलेली पट्टी चार महिन्यांनी पुन्हा वापरात येते. नळीचा तुकडा पर्यवेक्षिकेच्या पिशवीत कायमचा गेला.

मोजण्याची रीत पुन्हा एकदा हाताने करून घेतली. डावा दंड, बाही पूर्ण वर. हात कोपरात काटकोनात वाकवून खांद्याच्या टोकाचं हाड आणि कोपराचं टोक यांच्या बरोबर मध्यावर पेनने बारीक खूण. मग हात सैल, शरीराशेजारी लोंबता सोडायचा. वाकलेल्या हातावर मोजलं तर स्नायू फुगतो आणि आकडा वाढतो. पट्टी कातडीला सगळीकडून टेकलेली हवी, पण कातडी दबून कडा वर येता कामा नये. पट्टीखालून उजेड दिसला तर सैल, कडेला वळी पडली तर घट्ट. वाचन पट्टीच्या खिडकीतल्या, म्हणजे आकडा दिसण्यासाठी ठेवलेल्या चौकोनातल्या, बाणांपाशी घ्यायचं. खिडकीच्या कडेवर घेतलं तर काही मिलिमीटरची चूक प्रत्येक मुलात होते, आणि ती प्रत्येक मुलात सारखीच होत असल्याने आकड्यांकडे नुसतं पाहून कळत नाही. मोजणारीने आकडा मोठ्याने म्हणायचा आणि लगेच लिहायचा. आधी आकडा, मग रंग. रंग आधी लिहिला की आकडा रंगाला साजेसा होतो.

सरावाचा दिवस असा बसवला: १० मुलं, प्रत्येक कार्यकर्ती प्रत्येक मुलाला दोनदा मोजणार, पहिल्या फेरीचा कागद जमा केल्यावरच दुसरी फेरी. दोन वाचनांतला फरक काढायचा, प्रत्येक फरकाचा वर्ग करायचा, बेरीज करून तिला मुलांच्या दुप्पट संख्येने भागायचं आणि वर्गमूळ घ्यायचं. एकीचे फरक होते १, ०, २, १, ३, १, ०, २, ४, १. वर्गांची बेरीज ३७, भागिले २०, म्हणजे १.८५, वर्गमूळ सुमारे १.४ मिलिमीटर. तेच मूल पुन्हा मोजताना तिची होणारी नेहमीची चूक एवढी, आणि ती जितकी कमी तितकं बरं. हात चांगला आहे. पण ३७ मधले १६ एकट्या ४ च्या फरकातून आले. ते मूल रडत होतं आणि पहिल्या फेरीत खूणच केली नव्हती. तिला सूत्र समजलं की नाही हे महत्त्वाचं नाही. 'रडणाऱ्या मुलाला आधी शांत होऊ द्या, खूण चुकवू नका' एवढं तिच्या हातात बसलं, ते पुरेसं.

स्वतःशी जुळणं आणि खऱ्याशी जुळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दोन्ही फेऱ्यांत सारखंच घट्ट ओढणाऱ्या कार्यकर्तीचा फरक शून्याजवळ येतो, पण तिचे सगळे आकडे खाली असतात. म्हणून प्रशिक्षकाच्या वाचनाशी सरासरी फरकही काढावाच लागतो.

वही

वहीत मागच्या महिन्याचा रकाना चालू महिन्याच्या रकान्याला चिकटून होता. उतरवून काढण्याचं आमंत्रण त्या छपाईतच होतं. नवी वही छापून येईपर्यंत सोपा उपाय केला: मागच्या महिन्याच्या रकान्यावर पुठ्ठ्याचा तुकडा ठेवून मोजायचं, आकडा लिहिल्यावर तुकडा काढायचा. फरक १० मिलिमीटरहून जास्त असेल तर तिथेच पुन्हा मोजायचं, आणि दोन्ही आकडे लिहायचे. पहिला खोडायचा नाही.

पायांवरच्या सुजेचा रकाना पाहिला तर ६० पैकी ५६ ठिकाणी कोरा. कोरा म्हणजे सूज नाही, की तपासलीच नाही? वहीवरून सांगणं अशक्य. दोन्ही पावलांवर अंगठ्याने ३ सेकंद दाबून दोन्हीकडे खड्डा राहिला, तर दंडघेर कितीही असला तरी ते तीव्र कुपोषण धरतात. इतक्या मोलाच्या तपासणीला कोरा रकाना चालत नाही. तिथे 'आहे', 'नाही', 'तपासली नाही' असे तीन पर्याय केले. तिसरा पर्याय देणं काहींना शिथिलता वाटते. आमच्या मते तोच सगळ्यात उपयोगी, कारण खरं सांगायला जागा नसली की माणूस 'नाही' वर खूण करून मोकळा होतो.

४ मुलं भेटली नव्हती तरी भरलेली होती, त्यामागेही हीच अडचण. वहीत 'मूल भेटलं नाही' असं लिहायची सोय नव्हती, आणि ९५ टक्के मोजणीचं लक्ष्य डोक्यावर होतं. तो रकाना घातला आणि दोनदा जाऊन मूल न भेटल्यास त्याची नोंद पूर्ण काम म्हणून धरायची ठरवली.

वहीतले एकंदर रकाने कमी करताना एकच प्रश्न विचारला: हा आकडा वाचून कोण, कधी, काय करतं? ज्या रकान्याला उत्तर मिळालं नाही तो गेला. एककही पक्कं केलं. वहीच्या एका आवृत्तीत सेंटिमीटर आणि पट्टीवर मिलिमीटर, म्हणून कुठे १२.५, कुठे १२५. आता रकान्याच्या डोक्यावर 'मिमी' छापलेलं आणि तीन घरं आखलेली.

मासिक गोषवाऱ्याचा ताळा वेगळा घ्यावा लागतो. दुसऱ्या भागात गोषवाऱ्यात 'नवीन पिवळी' १८, वह्यांमधून पुन्हा मोजली तर १४. १४ भागिले १८, म्हणजे ०.७८. हे गुणोत्तर ०.९० ते १.१० च्या बाहेर गेलं की शोध घ्यायचा, अशी सर्वसाधारण रीत आहे. इथे पाठपुराव्याला पुन्हा भेटलेली ४ मुलं नवीन म्हणून मोजली गेली होती. तिसऱ्या भागात गुणोत्तर बरोबर १.०० आलं, तेही फसवं निघालं: ३ मुलं सुटलेली आणि ३ दुबार. म्हणून संख्येबरोबर नावंही लावून पाहायची.

आकडा लिहिल्यानंतर काय होतं

ठोकळ आकडे पट्टी आणि सरावाने कमी होतात. १२४ वर २ आणि १२५ वर ७४ हे त्याने सुटत नाही. त्याचं कारण कार्यकर्त्यांशी बोलताना समोर आलं. पिवळं मूल लिहिलं की दोन जादा तक्ते आणि पंधरवड्याची भेट. लाल लिहिलं की मुलाला घेऊन केंद्रापर्यंत जायचं, दिवस मोडायचा. तिथे उपचाराचा आहार संपलेला असला की आईसमोर मान खाली घालून परत यायचं. आणि महिन्याच्या बैठकीत प्रश्न: "ताई, तुमच्याच भागात इतकी लाल कशी?" त्या प्रश्नानंतर पुढच्या महिन्यात ११४ चा ११५ व्हायला कोणाची बुद्धी फिरावी लागत नाही. पट्टी थोडी सैल धरली की झालं.

इथे उपाय सरावाचा नव्हता, रचनेचा होता. पिवळ्या मुलाचे दोन तक्ते मिळून एक केला. लाल मूल पाठवण्याआधी केंद्रात आहार आहे का, हे पर्यवेक्षिकेने विचारून सांगायचं, कार्यकर्तीने नाही. बैठकीतला प्रश्न बदलला: "लाल सापडलेल्या मुलांपैकी किती केंद्रात पोहोचली, न पोहोचलेल्यांचं कुठे अडलं?" आणि मानधन, शाबासकी किंवा क्रमवारी यांतलं काहीही लाल-पिवळ्याच्या संख्येला जोडायचं नाही, कमी असण्यालाही नाही आणि जास्त असण्यालाही नाही. जास्त सापडल्याबद्दल बक्षीस ठेवलं की पट्टी दुसऱ्या बाजूला ओढली जाते.

काहींनी सुचवलं की मिलिमीटर सोडा, नुसता रंग लिहा, चुका आपोआप कमी होतील. चुका कमी होत नाहीत, दिसायच्या थांबतात. वर कागदावर केलेली प्रत्येक तपासणी मिलिमीटर होते म्हणूनच जमली. आकडे वाचणं खरोखर अवघड जाणाऱ्या कार्यकर्तीला रंग लिहू द्यावा, पण तिच्या भागात फेरमोजणी जास्त करावी.

मोबाइल अ‍ॅप शेवटी आणलं, आणि ते शेवटीच आणायला हवं. वाईट वही अ‍ॅपमध्ये घातली की वाईट अ‍ॅप होतं. तीन गोष्टी नीट केल्या: आकडा टाकेपर्यंत मागचा आकडा दिसत नाही, ८० च्या खाली किंवा २२० च्या वर आकडा गेला की अ‍ॅप 'पुन्हा पाहा' म्हणतं, पण अडवत नाही, आणि प्रत्येक नोंदीची वेळ आपोआप साठते. अडवणारी मर्यादा घातली तर माणूस अ‍ॅप स्वीकारेल असा आकडा बनवतो. नोंदीच्या वेळेचा उपयोग कागदावरच्या शाईसारखाच: एका मागोमाग २० मुलं अर्ध्या-अर्ध्या मिनिटाने नोंदली असतील, तर त्या दिवशी काय झालं हे जाऊन विचारायचं. विचारायचं, ठपका ठेवायचा नाही. नेटवर्क नसल्याने घरी येऊन कागदावरून भरलेलं असू शकतं, आणि ते चालतं.

चौथा महिना

चौथ्या महिन्यात ० आणि ५ चा वाटा ४८ वरून २७ टक्क्यांवर आला. १२० ते १२४ मध्ये ५८ मुलं, १२५ ते १२९ मध्ये १३२. कडा जाऊन उतार दिसू लागला. ढीगनमुन्यात तिन्ही भाग उत्तीर्ण: १७, १४ आणि १५. मोजलेल्या मुलांची टक्केवारी मात्र ९६ वरून ९१ वर उतरली, कारण न भेटलेली मुलं आता न भेटलेली म्हणूनच लिहिली जात होती. लाल मुलं ५ ची १२ झाली आणि पिवळी ५२ ची ८४.

या शेवटच्या ओळीची तयारी पहिल्याच महिन्यात करून ठेवावी लागते. वरच्या कार्यालयात आलेख पाहणाऱ्याला कुपोषण एकदम वाढलेलं दिसतं, आणि तिथून एक रागाचा फोन आला तर तीन महिन्यांचं काम एका दिवसात उलटं फिरतं. म्हणून काम सुरू करतानाच लेखी कळवलं होतं की नोंदी सुधारतील तशी संख्या वाढेल. आलेखावर बदल सुरू झालेल्या महिन्यापाशी उभी रेघ मारली, आणि तिच्या अलीकडच्या व पलीकडच्या आकड्यांची थेट तुलना करू नये अशी टीप आलेखाच्या खालीच छापली. स्वतंत्र पानावर नाही, कारण आलेख पुढे जातो आणि पान मागे राहतं.

वयाचं कोडं पूर्ण सुटलेलं नाही. १२, २४ आणि ३६ महिन्यांवर मुलांची गर्दी अजून आहे. दंडघेराला वयाने फारसं बिघडत नाही, कारण ६ ते ५९ महिन्यांना सीमा एकच आहे. पण याच कार्यकर्त्या खोकल्याच्या मुलांचे श्वासही मोजतात. तिथे २ ते ११ महिन्यांना मिनिटाला ५० आणि १२ ते ५९ महिन्यांना ४० ही जलद श्वासाची सीमा आहे. १० महिन्यांच्या बाळाला 'एक वर्षाचं' लिहिलं की ४४ श्वास जलद ठरतात आणि गरज नसताना औषध सुरू होतं. जन्मतारखेचा कागद नसलेल्या मुलांसाठी सण, पेरणी, पावसाची सुरुवात अशा घटना महिनावार मांडलेला तक्ता करायला घेतला आहे. पुढच्या तिमाहीच्या फेरमोजणीत 'जुळली' च्या अटींत वयाचा फरक २ महिन्यांपर्यंत, ही पाचवी अट धरली जाईल. श्वास पूर्ण ६० सेकंद मोजले जातात, की ३० सेकंद मोजून दुप्पट केले जातात, हे त्याच भेटीत पाहायचं आहे: वहीतल्या श्वाससंख्या बहुतेक सम असतील तर तिथूनच सुरुवात करावी.